डाव्या मागच्या चाकाची पिन

असारी तोमेकिचीच्या हातचं इंजिन ओळखायचं असेल तर ते उलटं करून बघावं, असं छोट्या रेल्वेची मॉडेलं करणारे लोक सांगतात. वरून काय, सगळ्यांचीच छान दिसतात. रंग मारला की कुणाचंही खपून जातं. पोटाकडून बघितलं की लबाडी उघडी पडते. सपाट पत्रा, दोन स्क्रू, झालं काम! तोमेकिचीच्या इंजिनाच्या पोटात मात्र ब्रेकच्या दांड्या असायच्या, दांड्यांचे सांधे असायचे, तेलाच्या डब्या असायच्या, आणि हे सगळं अंगठ्याएवढ्या इंजिनाखाली, जिथे वाकून बघायला कुणाला वेळ आहे?

तयार सुट्या भागांना तो हात लावत नसे. पितळेचा पत्रा आणायचा, त्यावर सुईने रेघा मारायच्या, केसासारख्या करवतीने कापायचं, कानशीने घासायचं, डाख देऊन जोडायचं. रिव्हेटचे टिंब पत्र्याच्या मागून एकेक दाबून उठवायचे. तीनशे उठवले आणि तीनशेएकावा तिरका गेला तर पत्रा भंगारात आणि पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा. गेली तीस वर्षं, खाण बंद पडायच्या आधीपासून, हेच चाललेलं. तेही फक्त डोंगरातल्या अरुंद लाईनीची, वरच्या तारेवर चालणारी विजेची इंजिनं. वाफेच्या इंजिनाचं नाव काढलं की तो कान खाजवायला लागायचा.

नियम एकच. जे डोळ्यांनी बघितलं नाही ते बनवायचं नाही. निदान फोटो हवा. एकदा आकिता शहरात मॉडेलवाल्या मंडळींचं प्रदर्शन होतं, तिथे एकाने मोठ्या कौतुकाने आपलं इंजिन पुढे केलं. तोमेकिचीने ते उलटं केलं आणि विचारलं, "ही मागची शिडी कुठे बघितलीस?"

"अंदाजाने केली, तोमेसान."

"अंदाजाने? मग बायकोचं तोंडपण अंदाजाने आठवतोस का रे?"

सगळे हसले, तो बिचारा लाल झाला. पण तोमेकिचीचं हे नुसतं बोलणं नव्हतं. जुन्या फोटोत इंजिनाची एकच बाजू दिसत असेल तर तो दुसऱ्या बाजूला कोरा पत्रा लावून मोकळा होत असे. लोक म्हणायचे म्हाताऱ्याला वेड लागलंय. लागलं होतंच, पण त्याचं कारण लोकांना ठाऊक नव्हतं.

त्याची आणखी एक खोड होती. कामिनोसावा हे खाणीचं गाव. इथे कुणीही कुठलीही गोष्ट तपासली की बोट रोखून मोठ्याने बोलतो. ड्रायव्हर सिग्नलकडे बोट रोखतो, गार्ड दाराकडे. खाण बंद होऊन पंचवीस वर्षं झाली तरी म्हाताऱ्या बाहेर पडताना शेगडीकडे बोट रोखून "गॅस बंद, ठीक!" असं ओरडल्याशिवाय चपला घालत नाहीत. अख्ख्या गावात एकटा तोमेकिची बोट दाखवत नसे. तो उठून जायचा, गॅसची कळ हाताने चाचपायचा, दोनदा, तीनदा. त्याची बायको मिसाओ म्हणायची, "जगाचं बोटाने भागतं, ह्यांना अख्खा हात लावावा लागतो. चला आता, बस काय थांबणारे का आपल्यासाठी?"

त्या वर्षी एप्रिलात, वळचणीखाली अजून काळा बर्फ शिल्लक होता तेव्हा, मितोबे कियोए त्याच्या दारात येऊन उभी राहिली. हातात धुरावलेल्या मुळ्याच्या लोणच्याची पिशवी. पंच्याहत्तरी गाठलेली, कमरेत वाकलेली, पण आवाज असा की रस्त्यावरून ऐकू यावा. एरवी बाजारात ती दिसली की तोमेकिची गल्ली बदलत असे.

"तोमेसान, एक मागायला आलेय. नाही म्हणायचं नाही."

"आधी सांगा तरी, वहिनी."

"साऱ्या जगाची इंजिनं केलीत. आमचं तीन नंबर तेवढं केलं नाहीत. का हो? माझ्या नवऱ्याने नदीत पाडलं म्हणून?"

तोमेकिचीने तिला आत बसवलं आणि चहाचा पेला तिच्यापुढे सरकवला. तिचा नवरा कानजी खाणीच्या लाईनीवर तीन नंबरचं इंजिन चालवायचा. पासष्ट सालच्या ऑक्टोबरात ते इंजिन सातव्या वळणावरून नदीत गेलं, कानजीला घेऊन.

"ह्या ऑक्टोबरात, गेला ते वर्ष धरून, त्याचं पन्नासावं श्राद्ध," कियोए म्हणाली. "शेवटचं. मग नावाची पाटी देव्हाऱ्यातून काढायची. त्यानंतर तो कानजी राहणार नाही, नुसता पितर. आमचे महाराज म्हणतात, आता त्याला सोडा. सोडते बापडी. पण जायच्या आधी एकदा त्याचं इंजिन त्याला दाखवू या. फार जीव होता त्याचा त्याच्यावर. माझ्यापेक्षा जास्तच."

"वहिनी..."

"आणि मोठं करा हं. अंगठ्याएवढं नको. माझे डोळे अधू झालेत, हाताला लागलं पाहिजे." मग उठता उठता ती म्हणाली, "निष्काळजी होता हो, पण माणूस वाईट नव्हता."

ती गेली तरी तोमेकिची दाराशीच उभा. निष्काळजी! एकोणपन्नास वर्षं हा शब्द कानजीला चिकटला होता, आणि तो कुणी चिकटवला हे जगात एका माणसाला ठाऊक होतं.

त्या वेळी तोमेकिची चोवीस वर्षांचा होता, इंजिनाच्या शेडमध्ये फिटर. रोज सकाळी गाडी निघण्याआधी तपासणी व्हायची. ड्रायव्हर वर उभा राहून ब्रेकचं चक्र फिरवायचा आणि एकेका चाकाचं नाव घ्यायचा. फिटर खाली, रुळांमधल्या खड्ड्यात उभा राहून त्या चाकाच्या ब्रेकच्या सांध्यातली पिन बघायचा, तिच्याकडे बोट रोखायचा आणि ओरडायचा, "पिन आहे, ठीक!" चार चाकं, चार पिना. तर्जनीएवढी लोखंडी वस्तू, पण एक जरी निसटली तरी सगळी दांडी सैल पडायची आणि चारही चाकांना दाबून धरणारे गुटके नुसते लटकत राहायचे. तोमेकिचीचा आवाज खणखणीत. बोट सरळ, हात ताठ. बोट दाखवण्याच्या स्पर्धेत त्याला खाणीने प्रशस्तिपत्रदेखील दिलं होतं. कानजी चिडवायचा, "तोमे, तू एवढ्याने ओरडतोस की नसलेली पिनसुद्धा घाबरून जागेवर येईल!"

त्या सकाळी चार दिवसांच्या वादळी पावसाचं पाणी खड्ड्यात साचलेलं. बर्फासारखं गार. तोमेकिची खड्ड्यात उतरला नाही. काठावर उकिडवा बसला आणि वाकून बघू लागला. पुढची दोन चाकं दिसली. उजवं मागचं मान वाकडी करून दिसलं. कानजीने वरून हाक दिली, "डावं मागचं!" ते काही काठावरून दिसत नव्हतं. पण बोट केव्हाच गेलं होतं. तोंडही गेलं होतं. "पिन आहे, ठीक!" नेहमीसारखं, खणखणीत, हात ताठ. रोज शेकडो वेळा केलेली गोष्ट अशीच होते. बोट आणि तोंड पुढे पळतात, डोळे मागे राहतात.

सातव्या वळणावर गाडी थांबली नाही.

चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "चारही पिना बघितल्या होत्या?" तोमेकिची म्हणाला, "होय साहेब, चारही." त्याचं प्रशस्तिपत्र भिंतीवर होतंच, साहेबांनी तिकडे बघून मान हलवली. नदीतून वर काढलेल्या इंजिनाची दांडी मोडलेली होती, पण ती आधी मोडली की आपटल्यावर, कोण सांगणार? अहवालात लिहिलं गेलं, ड्रायव्हरचा निष्काळजीपणा. इंजिन कापून भंगारात घातलं. तोमेकिचीने महिन्याभरात शेड सोडून गोदामात बदली मागून घेतली, आणि पुन्हा आयुष्यात कशाकडे बोट दाखवलं नाही. त्या सकाळीबद्दल तोंडाला जे कुलूप बसलं ते बसलंच.

आणि आता ती बाई म्हणत होती, तेच इंजिन कर.

त्याने केलं. नाही म्हणायला कारण लागतं, आणि जे कारण होतं ते सांगायची छाती नव्हती. या वेळी वीतभर लांबीचं घ्यायचं ठरवलं, खऱ्याच्या विसाव्या हिश्शाचं. शेडमध्ये असताना स्वतः काढलेली पेन्सिलीची चित्रं ट्रंकेतून बाहेर आली. एक फोटोही होता. मे महिन्यात चौकट उभी राहिली, जूनमध्ये अंगाचे पत्रे. त्याच्या हाताला सगळं आठवत होतं. पुढच्या कोपऱ्याला पोचा होता, तो बाहेरून लाकडी हातोडीने तस्साच पाडला. तारेला टेकणारा वरचा दांडा किंचित उजवीकडे झुकलेला असायचा, तोही तसाच झुकवला. चाकं त्याने लेथवर कातली, मोटर बसवली, वीज दिली तशी ती गुरगुरली आणि इंजिन टेबलावरच्या रुळांवरून हळूच चार बोटं पुढे सरकलं. मिसाओ दारातून म्हणाली, "बाई गं, आवाजसुद्धा तोच की हो!" ती खाणीतल्याच कामगाराची मुलगी होती. तोमेकिचीने झटकन वीज बंद केली.

तेव्हापासून कानजी यायला लागला.

भरदिवसा, सकाळचे नऊ वाजलेले, खिडकीतून ऊन आलेलं. तोमेकिची इंजिन उलटं करून त्याच्या पोटावर वाकलेला असायचा, आणि टेबलापलीकडे दोन रबरी बूट उभे असायचे. डाव्याच्या पुढच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ. खड्ड्यातून बघताना ड्रायव्हरचे बूटच तर दिसतात, तसेच. तोमेकिची वर बघत नसे. वर बघायची हिंमत कुणाला होती? आवाज रागाचा नसायचा. तेच तर वाईट होतं. रोजचा, जेवणाचा डबा भरून मिळाल्यावर असतो तसा खुशालीचा आवाज.

"उजवं पुढचं!"

तोमेकिचीने उजव्या पुढच्या सांध्यात तारेची बारीकशी पिन घातली, तिची टोकं फाकवली. डावं पुढचं झालं. उजवं मागचं झालं.

"डावं मागचं!"

इथे हात थांबले. पिन चिमट्यात धरलेली, भोक समोर. पण ती त्या सकाळी तिथे होती का? त्याने बघितलंच नव्हतं. जवळजवळ पन्नास वर्षांत हजार वेळा त्याने स्वतःला सांगितलं होतं, असणारच, कुठे जाते? आणि हजार वेळा सांगितलं होतं, नव्हतीच, तू मारलंस त्याला. दोन्हींपैकी काहीही खरं असू शकत होतं. पिन घातली तर तो अंदाज. काढली तर तोही अंदाजच. आणि समोर बूट उभे, उत्तराची वाट बघत.

त्याने पिन घातली. दुसऱ्या दिवशी काढली. पुन्हा घातली. सगळा ऑगस्ट असाच गेला. पितरांच्या सणाला घरोघरी कंदील लागले तेव्हा त्याने देवळाकडे पाठ करून घरची वाट धरली. जेवण कमी झालं. इंजिनाला रंग देऊन झाला, हिरवा, खाणीचा तोच हिरवा. सगळं इंजिन तयार, आणि तो आपला सकाळभर एका भोकाकडे बघत बसलेला.

एक दिवस मिसाओ समोर येऊन बसली. नेमकी बुटांच्या जागी.

"अहो, एक विचारू? एवढ्या वर्षांत तुम्ही बोट का दाखवत नाही हे मी कधी विचारलं नाही."

"मग आता कशाला विचारतेस?"

"विचारत नाहीये. सांगतेय. माझ्यापाशी नाही बोललात तर चालेल. मी काही मेले नाही, उद्यापण इथेच असेन. त्याचं तसं नाही. ऑक्टोबर उलटला की तो नाही."

तोमेकिचीने मान वर केली. हीच गोष्ट रात्रंदिवस त्याच्या छातीवर बसली होती आणि ही बाई भाजी चिरताना बोलावं तशी बोलून गेली. पाटी उतरली की कानजी नावाचा कुणी उरणार नव्हता. कपाळावर निष्काळजीपणाचा शिक्का घेऊनच तो पितरांत मिसळणार होता, आणि तोमेकिचीला माफी मागायला समोर माणूसच राहणार नव्हता. त्याने चिमट्याने चौथी पिन काढली आणि खिडकीतून बाहेर गवतात टाकून दिली.

श्राद्धाच्या दिवशी सकाळी थंडी पडली होती. मितोबेंच्या घरात चाळीस वर्षांनी एवढी माणसं जमलेली. पुरोहित महाराज येऊन बसलेले, देव्हारा उघडा, उदबत्तीचा धूर. कानजीचा मुलगा हिदेआकी सगळ्यांच्या चपला रांगेत लावत होता. बावन्न वर्षांचा गृहस्थ, नगरपालिकेत कारकून. त्याला गाव हसायचं. तो कार्यालयाचं कुलूप लावून अर्ध्या वाटेतून परत जायचा, पुन्हा बघायचा, पुन्हा परत यायचा. गाडी चालवायला तो शिकलाच नाही.

तोमेकिचीने कापड बाजूला करून इंजिन कियोएच्या मांडीवर ठेवलं. तिने दोन्ही हातांनी चाचपलं. कोपऱ्यातल्या पोच्याशी बोटं थांबली. "अगं बाई! हा पोचा! पाडून आला होता नि दोन दिवस जेवला नव्हता." ती हसली, डोळे भरून आले. मग ते उलटं करून ती मुलाला म्हणाली, "हिदे, बघ रे बाबा, सगळं जागेवर आहे का? महाराजांच्या हातात द्यायचंय."

हिदेआकीने गुडघ्यावर बसून चष्मा सावरला. बोट रोखलं. "उजवी पुढची पिन, ठीक. डावी पुढची, ठीक. उजवी मागची, ठीक." मग थांबला. "काका, हे भोक रिकामं आहे."

"ते रिकामंच आहे," तोमेकिची म्हणाला. त्याने दोन्ही तळवे चटईवर टेकवले आणि कपाळ खाली नेलं. "तिथे मी बघितलं नव्हतं. त्या दिवशी. कानजीदादाने हाक दिली, मी बोट दाखवलं, ठीक म्हणालो. पण बघितलं नव्हतं. खड्ड्यात पाणी होतं, पाय भिजतील म्हणून मी उतरलो नाही. साहेबांना खोटं सांगितलं. पिन होती की नव्हती, मला माहीत नाही. त्याचा दोष होता की नाही, हे कुणालाच माहीत नाही. मी... मी सगळ्यांना त्याचाच दोष वाटू दिला."

महाराजांचा हात जपमाळेवर थांबला. हिदेआकीचं बोट अजून तसंच रोखलेलं होतं, ते खाली घ्यायचं त्याला सुचेना.

कियोएने इंजिन मांडीवर सावरत विचारलं, "पाय भिजतील म्हणून?"

"होय, वहिनी."

"एवढ्यासाठी?"

"होय."

आता ही म्हातारी किंचाळेल, ते इंजिन त्याच्या डोक्यात घालेल, असं सगळ्यांना वाटलं. तोमेकिचीला तर तेच हवं होतं. पण ती त्याच्याकडे बघतही नव्हती. ती मुलाकडे बघत होती, त्याच्या त्या रोखलेल्या बोटाकडे.

"ह्याला मी मारायची," ती म्हणाली. "लहान होता. छत्री शाळेत विसरला की मारायची. दार उघडं राहिलं की मारायची. बापावर जाऊ नकोस, म्हणायची. बघून कर, बघून कर, नाहीतर बापासारखा मरशील." तिने देव्हाऱ्याकडे मान वळवली. "आणि त्याला... रोज सकाळी भात ठेवताना त्याला काय म्हणायची ठाऊक आहे? एकोणपन्नास वर्षं? जेवा म्हणत नव्हते. म्हणायची, बघून का नाही गेलात?"

हिदेआकी हळूच म्हणाला, "आई, राहू दे आता. पाहुणे आहेत."

महाराजांनी प्रसंग ओळखला आणि घसा खाकरून नावाची पाटी देव्हाऱ्यातून दोन्ही हातांनी उचलली. विधीचं पुढचं पाऊल तेच होतं. कियोए गुडघ्यांवर सरकत पुढे गेली आणि तिने ती पाटी त्यांच्या हातातून काढून घेतली. सरळ काढून घेतली, पोराच्या हातातून खेळणं घ्यावं तशी.

"आज नाही, महाराज."

"पण मितोबेबाई, पन्नासावं वर्ष..."

"असू द्या. हा माणूस आज कुठे जात नाही. हिदे, पाहुण्यांना जेवायला वाढ. मला वेळ लागणार आहे."

तिने पाटी जागेवर ठेवली, पदराने पुसावी तशी बाहीने पुसली, समोर नीट बसली. तोमेकिचीचं कपाळ अजून चटईवरच होतं. "वहिनी, मला माफ..." त्याने सुरुवात केली.

"गप्प बसा," ती मागे न वळता म्हणाली. "तुम्ही नंतर. आधी माझी पाळी."

आणि तिने देव्हाऱ्याकडे तोंड करून, शेजारच्या खोलीतल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, नवऱ्याला हाक मारली. पाहुणे एकेक करून उठून जेवायला गेले. हिदेआकी दाराशी थबकला, मग परत येऊन आईच्या शेजारी बसला. तोमेकिची त्या दोघांच्या मागे गुडघे मोडून बसून राहिला. पाय बधिर झाले, बाहेर ताटं वाजायची थांबली, तरी तिचं बोलणं संपलं नव्हतं, आणि तो आपली पाळी यायची वाट बघत होता.